आकाशीच्या लोखंडाचा मुद्रक : आलोइस फॉन विडमानश्टेटन

कोप्पीकर रोडवरील घड्याळांच्या दुकानासमोर क्षणभर रेंगाळला नाही, असा विद्यार्थी विरळाच. स्वित्झर्लंडमधील रोलेक्ससारखे कारखानदार आकाशातून पडलेल्या लोखंडाची पातळ चकती कापून तिचीही तबकडी करतात आणि हौशी संग्राहक तशा घड्याळासाठी लक्षावधी रुपये मोजतात. त्या तबकडीवर एकमेकींना छेदणाऱ्या रुपेरी पट्ट्यांची नक्षी दिसते. ती कोणाही कारागिराने कोरलेली नसते. ज्यांच्या नावाने ती जगात ओळखली जाते, त्या पुरुषाचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

आलोइस फॉन विडमानश्टेटन यांचा जन्म १७५३ साली ऑस्ट्रियातील ग्राट्स नगरीत झाला. वडील मुद्रक होते आणि त्या प्रांतातील छपाईचा मक्ता त्यांच्या घराण्याकडे होता. आलोइस यांनी विद्यापीठात सृष्टिविज्ञानाचे अध्ययन केले आणि वडिलांच्या हाताखाली छपाईची कलाही आत्मसात केली. पुढे १७८४ मध्ये तो मक्ता गेला व कालांतराने छापखानाही विकावा लागला. परंतु ते खचले नाहीत. त्यांनी सूतगिरणी चालविली. १८०७ मध्ये सम्राट फ्रान्झ यांनी कारखान्यांतील वस्तूंचा संग्रह उभारण्याचे काम त्यांच्यावर सोपविले आणि लवकरच व्हिएन्नाच्या चिनी मातीच्या राजकीय कारखान्याचेही ते संचालक झाले.

१८०८ मध्ये त्यांनी अशनीच्या लोखंडाचा गुळगुळीत केलेला तुकडा ज्योतीवर तापविला. हे लोखंड १७५१ साली क्रोएशियातील ह्राश्चिना येथे पडले होते. तापताच तुकड्यावर निरनिराळ्या रंगांच्या पट्ट्या उमटल्या! लोह व निकेल यांचे मिश्रण अशनीच्या मूळ पिंडाच्या पोटात अतिशय सावकाश निवते. उष्णता एका अंशाने उतरण्यास शंभराहून अधिक वर्षे लागतात. त्या अवधीत कमी निकेलचे व अधिक निकेलचे स्फटिक वेगळे होतात. म्हणूनच एवढी मोठी नक्षी कोणत्याही भट्टीत घडविता येत नाही.

येथे मुद्रकाचे संस्कार कामी आले. तेजाबाने खाल्लेल्या पृष्ठावर अधिक निकेलच्या रेषा उंच राहतात, हे पाहून त्यांनी त्यावर शाई लावली आणि कागद दाबला. अशनीने आपले चित्र आपणच छापून दिले!

विडमानश्टेटन यांनी हा शोध स्वतः प्रसिद्ध केला नाही. केवळ स्नेह्यांना सांगितला. व्हिएन्नाच्या संग्रहालयाचे प्रमुख कार्ल फॉन श्रायबर्स यांनी नक्षीला त्यांचे नाव दिले व १८२० मध्ये तसा ठसा आपल्या ग्रंथात छापला. मात्र १८०४ मध्येच नेपल्स येथे राहणाऱ्या टॉमसन नामक इंग्रज गृहस्थांनी तेजाबाने हीच नक्षी उघड करून लेखही प्रसिद्ध केला होता. १८०६ मध्ये ते वारले आणि त्यांचा लेख विस्मृतीत गेला. विडमानश्टेटन यांनी कोणाचे श्रेय हिरावले नाही; त्यांचा शोध स्वतंत्र होता. तथापि त्यांचे नाव घेताना टॉमसन यांचे स्मरण करणे हे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

१८४८ मध्ये आपल्या धारवाड प्रांतात एक दगडी अशनी पडली. जगाच्या यादीत ती धारवाड याच नावाने नोंदलेली आहे. त्या समयी विडमानश्टेटन वृद्धावस्थेत व्हिएन्नात हयात होते. पुढच्याच वर्षी, १० जून १८४९ रोजी, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी त्यांनी देह ठेवला. मौल्यवान घड्याळ थोड्यांच्याच मनगटी येईल. परंतु हाती आलेली वस्तू निरखून पाहण्याची त्यांची दृष्टी कोणासही विनामूल्य घेता येईल.