आपल्या दापोलीचे रेव्हरंड टिळक

‘गोइंग माय वे’ हा १९४४ चा चित्रपट आपल्यापैकी काही ज्येष्ठांनी पाहिला असेल. रस्त्यावरच्या पोरांना गोळा करून गायला शिकवणारा, गाणी रचणारा तरुण फादर बिंग क्रॉस्बीने त्यात रंगवला. चित्रपटाला सात ऑस्कर मिळाले. तो फादर कल्पनेतला. गाणी रचणारा खराखुरा पाळक मात्र आपल्याच दापोली तालुक्यात, करजगावला १८६१ साली जन्मला : रेव्हरंड नारायण वामन टिळक.

आई लहानपणीच गेली. घर सोडून ते नाशिकला गेले, संस्कृत शिकले, कविता करू लागले. १८९३ साली रेल्वेच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला. डोंगरावरील प्रवचनाने ते भारावून गेले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. सनातनी ब्राह्मण घरावर जणू वीजच कोसळली. पत्नी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन काही वर्षे माहेरच्या माणसांत राहिल्या. पुढे त्या अहमदनगरला आल्या. पण सोवळे सुटायला वेळ लागला. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. हे सारे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त सांगितले आहे, आणि रडवता रडवता हसवलेही आहे. टिळकांच्या हातात पैसा म्हणून टिकत नसे, आणि घर चालवायचे बाईंनी!

टिळक आपल्या कॅथलिक पंथाचे नव्हते, अमेरिकन मराठी मिशनचे होते. त्या काळी मराठी ख्रिस्ती उपासनेत परदेशी चालींवर बसवलेल्या भाषांतरित गीतांचा भरणा असे. टिळकांनी अभंग, भजन, कीर्तन प्रभूच्या सेवेला आणले. ज्ञानोबा-तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, अशी त्यांची भावना होती. आपली मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६० नंतरच्या दशकात. टिळकांचे काम त्याच्या अर्धशतक आधीचे, हे आम्हाला विशेष वाटते.

१९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनीही ख्रिस्ताभोवती बसावे अशी त्यांची इच्छा होती. ती साऱ्यांना रुचली नाही. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरेच राहिले होते. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी.