शेतकरी संत इसिदोर यांचा दिनक्रम

संतांची चरित्रे वाचू लागले म्हणजे राजे, बिशप, मठवासी आणि रक्तसाक्षी यांचीच नावे बहुधा पुढे येतात. आणि पावित्र्य ही ज्यांना सवड आहे त्यांची गोष्ट होय, असे संसारी मनुष्यास वाटू लागते. शहापूर व मुरबाड तालुक्यांत पहाटे उठून भातखाचराकडे जाणाऱ्या, किंवा आसनगावची गाडी गाठण्यासाठी धावणाऱ्या आपल्या बांधवांच्या मनात तर हा विचार पुष्कळदा येत असेल. म्हणून, ज्यांनी दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीत नांगर धरूनच संतपद मिळविले, अशा एका गड्याचे चरित्र या महोत्सवी स्मरणिकेत आम्ही थोडक्यात सादर करीत आहो.

संत इसिदोर यांचा जन्म अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पेन देशातील माद्रिद येथे एका गरीब कुटुंबात झाला. त्या काळी माद्रिद ही राजधानी नव्हती. ते तटबंदीचे एक लहानसे नगर होते. इसिदोर यांस सेव्हिलच्या थोर विद्वान बिशपांचे नाव लाभले, परंतु विद्या मात्र लाभली नाही. मोठेपणी ते हुआन दे व्हार्गास नामक जमीनदाराच्या शेतावर कामास राहिले. त्यांची पत्नी मरिया हीही त्यांच्यासारखीच भाविक व कष्टाळू होती.

इसिदोर यांचा दिवस अगदी साधा असे. पहाटे ते देवमंदिरात जात, प्रार्थना करीत, आणि मग औत जुंपीत. दिवसभर नांगर चाले. दिवस मावळला म्हणजे घर, पत्नीने रांधलेले अन्न, आणि दाराशी आलेल्या गरिबाचा त्यात वाटा. या नेमावरच एके दिवशी संकट आले. इतर गड्यांनी मालकाकडे गाऱ्हाणे नेले की, हा देवळे फिरत बसतो, उशिरा कामास लागतो, आणि मजुरी मात्र पुरती घेतो.

वाचकहो, हे गाऱ्हाणे क्षुल्लक नव्हे. पोट ज्या कामावर अवलंबून ते काम, आणि आत्मा ज्या प्रार्थनेवर जगतो ती प्रार्थना, यांतील एक सोडण्याची पाळी त्या गरीब मनुष्यावर आली होती. इसिदोर यांनी दोहोंपैकी एकही सोडले नाही. परंपरा सांगते की, आपल्या प्रार्थनेमुळे शेताचे उत्पन्न कमी झाल्याचे दिसल्यास ती तूट आपल्या वाट्यातून भरून देण्याचे त्यांनी मालकापाशी कबूल केले. पुढे मालक स्वतः लपूनछपून पाहावयास गेला, तो इसिदोर यांच्या औताच्या दोन्ही बाजूंस पांढऱ्या बैलांच्या जोड्या नांगरीत असलेल्या त्यास दिसल्या. तेराव्या शतकातील एका जुन्या हस्तलिखितात ही कथा आलेली आहे. त्या शुभ्र बैलांइतकेच इसिदोर यांचे ते वचन आम्हास मोलाचे वाटते. प्रार्थना ही कामचुकारपणाची सबब नव्हे, हे त्यांनी आपले धान्य मापास लावण्याची तयारी दाखवून सिद्ध केले.

त्याच हस्तलिखितात त्यांच्या विसाव्याचेही दर्शन घडते. उन्हाळ्यातील एका सणाच्या दिवशी ते संत मरिया माग्दालेना हिच्या मंदिरात प्रार्थनेस बसले असता, बाहेर त्यांच्या गाढवावर लांडगा चालून आल्याची वार्ता मुलांनी आणली. तथापि ते शांतपणे प्रार्थना पुरी करून उठले. आणि बाहेर येऊन पाहतात तो गाढव सुखरूप! एकदा हिवाळ्यात दळण घेऊन जाताना भुकेली कबुतरे पाहून त्यांनी धान्य उधळले, तरी गिरणीत पोते भरलेलेच निघाले. ज्याने सणाचा दिवस देवाचा मानला, त्यास मुक्या प्राण्यांचीही दया आली.

बाराव्या शतकात इसिदोर यांनी देह ठेवला. पुढे 12 मार्च 1622 रोजी पंधरावे ग्रेगरी पोप यांनी त्यांस संतपद दिले. त्याच दिवशी संत इग्नाती, संत तेरेजा, संत फिलिप नेरी, आणि ज्यांचा देह जुन्या गोव्यात विसावला आहे ते संत फ्रान्सिस झेवियर यांचीही संतमालिकेत गणना झाली. चार थोर धर्मवीरांच्या पंक्तीस एक निरक्षर गडी बसला! त्यांची पत्नी मरिया हिलाही 1697 साली धन्यवादित म्हणून मान मिळाला.

आता आपल्या घरांकडे वळू. लावणीच्या दिवसांत लांब प्रार्थना होणार नाही, हे आम्ही जाणतो. ती आखूड असो, परंतु नेमाची असो: पहाटे घराबाहेर पडण्यापूर्वी क्रूसाची खूण व चार शब्द, दुपारच्या भाकरीपूर्वी आभार, रात्री जपमाळ. काम हाती घेतले की ते चोख करावे. आणि विसावा घरातील सर्वांस मिळावा. ज्या शहापूर तालुक्यातील तानसा व भातसा जलाशयांचे पाणी मुंबईस जाते, त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांत उन्हाळ्यात स्त्रिया डोक्यावर हंडे घेऊन पायपीट करितात. अशा घरात पुरुषांनी जपमाळेस बसावे आणि थकलेल्या माउलीने एकटीने चूल फुंकावी, ही वाटणी न्यायाची नव्हे. आधी सर्वांनी मिळून काम उरकावे, मग सर्वांनी मिळून गुडघे टेकावे. रविवारी मिस्सा झाल्यावर बैलासही दावणीला निवांत उभे राहू द्यावे.

संत इसिदोर यांचा सण 15 मे रोजी येतो. त्या सुमारास आपल्याकडील शेतकरी आभाळाकडे डोळे लावून नांगर दुरुस्त करीत असतो. त्या दिवशी सहकुटुंब बियाण्याच्या कणगीपाशी उभे राहून संताचे स्मरण करावे, आणि येत्या हंगामाचा दिनक्रम त्याच वेळी सर्वांच्या विचाराने ठरवावा, अशी आमची वाचकांस नम्र विनंती आहे.