आर्थर वर्दिंग्टन व दुधाचा थेंब

पाण्यांत दुधाचा थेंब पडला असतां क्षणभर काय घडतें, हें डोळ्यांना दिसत नाहीं. तें पाहण्यांत ज्यांनीं अनेक वर्षें वेंचलीं, त्या इंग्रज पदार्थविज्ञानवेत्त्याचें अल्प चरित्र आम्ही येथें देत आहों.

आर्थर मेसन वर्दिंग्टन यांचा जन्म १८५२ सालीं झाला. रग्बी व ऑक्सफर्ड येथें शिक्षण घेतल्यावर त्यांनीं बर्लिन येथें हेल्महोल्ट्झ यांच्या प्रयोगशाळेंत काम केलें. पुढें ते क्लिफ्टन कॉलेजांत शिक्षक व नंतर डेव्हनपोर्ट येथील आरमारी इंजिनियरिंग कॉलेजांत प्राध्यापक झाले. थेंबांवरील त्यांचा निबंध १८७६ सालींच रॉयल सोसायटीनें प्रसिद्ध केला होता.

त्यांची रीत साधी पण चिकाटीची होती. अंधाऱ्या खोलींत थेंब पडे. नेमक्या क्षणीं विजेची ठिणगी चमके. डोळ्यांवर उमटलेली आकृति ते लागलीच कागदावर काढीत. मग दुसरा थेंब, व ठिणगी किंचित् उशिरा! अशा असंख्य थेंबांवरून त्यांनीं एका थेंबाचा इतिहास जुळविला. प्रथम मुकुटासारखें कडें उठतें, तें खालीं बसतें, मग मधून पाण्याचा खांब वर येतो. हीं चित्रें मोठीं रेखीव दिसत.

१८९४ सालीं ठिणगीच्या प्रकाशांत फोटोग्राफ घेणें त्यांना साधलें, आणि निराळेंच सत्य पुढें आलें. प्रत्यक्षांतील मुकुट वांकडेतिकडे होते! जुनीं टिपणें चाळतां तशा आकृति तेथेंही आढळल्या. परंतु त्या अपघातानें बिघडल्या असाव्यात, असें समजून त्यांनीं त्या वगळल्या होत्या. वीस वर्षांच्या श्रमांवर पाणी पडण्याची भीति असतांही त्यांनीं ही गोष्ट लपविली नाहीं; ती स्वतःच जगापुढें मांडली. १९०८ सालीं त्यांचा थेंबांवरील मोठा ग्रंथ निघाला व १९१६ सालीं ते निवर्तले. तो वर उठणारा खांब आज त्यांच्याच नांवानें ओळखला जातो.

आज वेगवान कॅमेरे सेकंदास हजारों चित्रें घेतात, आणि संगणक त्यांवरून हवेंतील थेंब व पाण्यांतील बुडबुडे मोजून त्यांचा आकार व वेग काढतो. तथापि बुडबुडा गोलच असतो असें गृहीत धरून गणित मांडलें, तर तेंही वांकड्या बुडबुड्याविषयीं चुकेल. म्हणून विद्यार्थ्यांनो, प्रयोगवहींत जें दिसलें तेंच लिहा. पुस्तकांतील आकृतीशीं तें जुळलें नाहीं, तरी खोडूं नका.