पंडित भातखंडे : गाणे आणि ग्रंथ

मुलाला गवईच व्हायचे आहे, मग बी. ए. कशाला, असे पालक विचारतात तेव्हा मला पं. विष्णु नारायण भातखंडे आठवतात. १८६० मध्ये वाळकेश्वरी जन्मलेले पंडितजी पदवीधर आणि वकीलही होते. पत्नी व कन्या निवर्तल्यावर त्यांनी वकिली सोडली. पुरावा पारखण्याची दृष्टी मात्र सुटली नाही. संस्कृत ग्रंथांतील नियम त्यांनी उस्तादांच्या गायनाशी ताडून पाहिले आणि प्रचलित गायनालाच प्रमाण मानले. घराण्यांनी जपलेल्या शेकडो चिजा स्वरलिपीत छापल्या. काही गवयांना ते रुचले नाही. पिढीजात ठेवा उघडा होणे कोणाला आवडेल? १९२६ मध्ये लखनौला त्यांच्या प्रयत्नांनी मॅरिस कॉलेज निघाले. तेथे तंबोऱ्याशेजारी पुस्तक आले.