हजरजबाबी रॅले आणि कागदातली चूक

काही माणसांच्या हुशारीचे किस्से शेकडो वर्षं टिकतात. त्या हुशारीचा त्यांच्या घराला किती उपयोग झाला, हे मात्र कुणी विचारत नाही. सोळाव्या शतकातला इंग्रज दर्यावर्दी, सैनिक आणि कवी सर वॉल्टर रॅले याच्याबद्दल वाचताना मला हाच प्रश्न पडला.

डेव्हन परगण्यातल्या बेताच्या घरातला हा तरुण पहिल्या एलिझाबेथ राणीच्या मर्जीत बसला. राणीच्या पायाला चिखल लागू नये म्हणून त्याने आपला उंची झगा रस्त्यावर अंथरला, असं सांगतात. तंबाखूच्या धुराचं वजन सांगतो, अशी पैजही त्याने म्हणे राणीशी मारली. आधी तंबाखू तोलली, ओढून झाल्यावर राख तोलली, आणि वजाबाकी केली. झाला हिशेब! या गोष्टी खऱ्याच घडल्या असं नाही, पण त्याच्या नावावर शोभतात खऱ्या.

तो संत मात्र नव्हता. १५८० साली आयर्लंडमध्ये शरण आलेल्या सैनिकांची कत्तल झाली, त्यात त्याचा हात होता.

राणीच्याच सेवेतल्या बेस थ्रॉकमॉर्टनशी त्याने गुपचूप लग्न केलं. १५९२ मध्ये ते उघडकीला आलं आणि चिडलेल्या राणीने दोघांनाही लंडनच्या टॉवरमध्ये कोंडलं. तेवढ्यात हिंदुस्थानातून मिरी, लवंग आणि जवाहीर घेऊन निघालेलं एक अवाढव्य पोर्तुगीज जहाज इंग्रजांनी पकडून आणलं. बंदरात त्याची लूट सुरू झाली. ती आवरायला रॅलेच हवा म्हणून त्याला बाहेर काढलं. बेसची सुटका व्हायला डिसेंबर उजाडला!

१६०३ मध्ये राणी गेली. नव्या जेम्स राजाने रॅलेला राजद्रोही ठरवून फाशीची शिक्षा दिली. मरण समोर दिसत असताना त्याने बेसला पत्र लिहिलं. फार दिवस शोक करत बसू नकोस, मुलाचं बघ, मी श्रीमंत होतो असं समजून जे मागे लागतील त्यांच्यापासून जप, असा त्याचा सल्ला होता. शिक्षा ऐनवेळी थांबली आणि पुढची बारा-तेरा वर्षं टॉवरमध्ये गेली. तिथे त्याने जगाचा इतिहास लिहायला घेतला. त्याचा मोठा ग्रंथ १६१४ मध्ये छापून निघाला.

पण घात झाला तो वेगळीकडेच. शेरबोर्नची जमीनजागा बायकामुलांना राहावी म्हणून त्याने आधीच मुलासाठी कागद करून ठेवला होता. तो उतरवताना कारकुनाकडून मोजके शब्द गळले. तेवढ्यावरून कागद रद्द ठरला. बेसने परोपरीने विनवण्या केल्या, तरी १६०९ मध्ये राजाने ती मालमत्ता आपल्या लाडक्या सरदाराला दिली. बेसला थोडी भरपाई मिळाली, घर गेलं ते गेलंच. शब्दांच्या या धन्याला शब्दांनीच दगा दिला!

पुढे सोन्याच्या शोधात दक्षिण अमेरिकेला काढलेली मोहीम फसली. थोरला मुलगा तिथेच लढाईत पडला. जुनी शिक्षा पुन्हा उकरून २९ ऑक्टोबर १६१८ ही शिरच्छेदाची तारीख ठरली. आदल्या रात्री बेसने सांगितलं, की तुमचा देह माझ्या ताब्यात द्यायचं कबूल झालंय. त्यावरही तो म्हणाला, की बरं झालं, जिवंतपणी या देहावर तुझी सत्ता नेहमी चालली नाही, आता तरी चालेल. सकाळी कुऱ्हाडीच्या धारेवर बोट फिरवून, हे औषध जालीम आहे, पण सगळे रोग बरे करतं, असं तो बोलला.

त्या शेवटच्या रात्रीचा विनोद लोकांच्या लक्षात राहिला. त्यामागची बाई आठवून बघा. तिने तुरुंग सोसला, घरासाठी एकटीने अर्ज-विनंत्या केल्या, आणि नवऱ्यामागे जवळजवळ तीस वर्षं संसार रेटला. म्हणून म्हणते, घरातलं माणूस कितीही शहाणं असो, घराचा कागद एकदा आपणही ओळीन् ओळ वाचावा. कळलं नाही तर विचारावं. त्यात कसला कमीपणा?