पदवी नसलेला इंजिनिअर

एम-३ च्या तासाला ‘हेविसाइड युनिट स्टेप फंक्शन’ आलं की वर्गात एकच प्रश्न उठतो, हे किती मार्कांना येतं? हा हेविसाइड कोण, हे विचारायचं मात्र राहूनच जातं. मित्रांनो, हा माणूस कधी कॉलेजात गेलाच नाही!

ऑलिव्हर हेविसाइडचा जन्म १८ मे १८५० रोजी लंडनच्या कॅम्डन टाउन भागात झाला. घरची परिस्थिती बेताची. लहानपणी स्कार्लेट फीवर झाला आणि ऐकू कमी येऊ लागलं. सोळाव्या वर्षी शाळा सुटली. पण मावशीचे यजमान होते चार्ल्स व्हीटस्टन! लॅबमधल्या ब्रिजला ज्यांचं नाव आहे, तेच हे. (मूळ कल्पना १८३३ सालची, सॅम्युअल ख्रिस्ती यांची; १८४३ मध्ये व्हीटस्टन यांनी ती प्रसिद्धीला आणली.) त्यांच्या प्रोत्साहनाने तारेचं काम शिकून १८६८ साली ऑलिव्हर डेन्मार्कला नोकरीला लागला. पुढे तो इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला आला.

इंग्लंड-डेन्मार्क केबल समुद्राच्या तळाशी पसरलेली. तिचं इन्सुलेशन कुठे फाटलं तर शोधायचं कसं? जहाज पाठवून सगळी केबल थोडीच उपसणार! मग किनाऱ्यावर बसून रेझिस्टन्स मोजायचा. समजा, पूर्ण तारेचा रेझिस्टन्स २५०० ओहम आहे. दुसरं टोक मोकळं ठेवून एका किनाऱ्यावरून मोजला तर १५०० आला, दुसऱ्या किनाऱ्यावरून २०००. दोन्ही आकड्यांत बिघाडाच्या जागेचा स्वतःचा रेझिस्टन्स मिसळलेला असतो. वजाबाकी केली की तो उडून जातो. १५०० वजा २००० अधिक २५००, भागिले २, म्हणजे १०००. पहिल्या किनाऱ्यापासून १००० ओहमवर फॉल्ट! ओहमचे मैल केले की जहाजाला जागा सांगता येते. आकडा चुकला तर मात्र जहाज भलतीकडेच शोधत बसणार.

म्हणूनच ऑलिव्हरला प्रश्न पडला, ब्रिजच्या भुजा कशा निवडल्या म्हणजे मोजमाप सगळ्यात अचूक येईल? इतर लोक अंदाजाने काम भागवत होते. याने गणित मांडलं आणि १८७३ साली लेख छापला. वय अवघं २२! खुद्द मॅक्सवेल यांनी त्याची दखल घेतली.

१८७४ मध्ये त्याने नोकरी सोडली आणि आईवडिलांच्या घरी अभ्यासाला बसला. पुन्हा कधी पगार घेतला नाही. मॅक्सवेलच्या समीकरणांचा पसारा आवरून ती आज आपण शिकतो त्या चार ओळींत आणली, ती यानेच. ‘इम्पीडन्स’ हा शब्दही त्याचाच, १८८६ सालचा.

डोक्यात केबल मात्र कायम होती. लांबच्या तारेत सिग्नल विस्कटतो तो का? १८८७ मध्ये त्याने दाखवून दिलं की R/L आणि G/C समान झाले तर सिग्नल क्षीण होईल, पण त्याचा आकार बिघडणार नाही. म्हणजे तारेत इंडक्टन्स वाढवा! ब्रिटिश पोस्ट खात्याचे बडे अधिकारी विल्यम प्रीस यांना हे मुळीच पटलं नाही. त्यांच्या मते इंडक्टन्स हाच शत्रू. पुढे अमेरिकेत मायकेल प्युपिन यांना लोडिंग कॉइलचं पेटंट आणि भरपूर पैसा मिळाला. हेविसाइडच्या हाती काहीच आलं नाही.

मान मिळाला, पण सावकाश. १८९१ मध्ये रॉयल सोसायटीची फेलोशिप, १९२२ मध्ये पहिलं फॅरडे पदक. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी टॉर्की येथे तो गेला. शेवटची वर्षं एकटेपणात आणि ओढगस्तीत गेली होती.

तेव्हा दोस्तांनो, पुढच्या प्रॅक्टिकलला गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर येईना, तर शेजाऱ्याच्या जर्नलमधलं रीडिंग उतरवण्याआधी दोन मिनिटं थांबा. काटा का हलतोय, एवढंच स्वतःला विचारा. न्यूकॅसलच्या त्या पोराने तेवढंच तर केलं होतं!