प्राध्यापकाचा कारखाना : आचार्य प्रफुल्लचंद्र राय

आमच्या बालपणी मुंबईस प्रभादेवीच्या रस्त्यावर बेंगाल केमिकल या नावाचा बसथांबा होता. त्या थांब्यावर आम्ही शेकडो वेळा चढलो-उतरलो असू. परंतु हे नाव तेथे का आले, असा प्रश्न कधी मनात आला नाही. पुढे केंद्र सरकारच्या नोकरीनिमित्त बदल्यांच्या चक्रात कलकत्त्यास काही वर्षे राहण्याचा योग आला, आणि त्या थांब्यामागे उभा असलेला मनुष्य आम्हांस भेटला. 1938 साली मुंबईस निघालेला तो कारखाना ज्या मूळ कारखान्याची शाखा होता, त्याचा संस्थापक कोणी व्यापारी नव्हता. तो रसायनशास्त्राचा एक कृश, अविवाहित, सदैव अपचनाने त्रस्त असलेला प्राध्यापक होता. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेखाची मागणी आली तेव्हा आम्ही याच पुरुषाचे चरित्र निवडले. त्याचे कारण थोडे घरगुती आहे. ते शेवटी सांगू.

प्रफुल्लचंद्रांचा जन्म 2 ऑगस्ट 1861 रोजी आज बांगलादेशात असलेल्या राडुली या गावी झाला. वडील हरिश्चंद्र हे जमीनदार, विद्याप्रेमी आणि सुधारक वृत्तीचे. मुलांच्या शिक्षणासाठी 1870 साली ते कलकत्त्यास आले. हेअर स्कूलमध्ये शिकत असताना प्रफुल्लचंद्रांना आमांशाचा असा विकार जडला की शाळा सोडावी लागली. पचनशक्ती जी गेली ती जन्मभराची. त्या सक्तीच्या विश्रांतीत त्यांनी वडिलांचा ग्रंथसंग्रह पालथा घातला. पुढे विद्यासागरांच्या मेट्रोपॉलिटन इन्स्टिट्यूशनमध्ये नाव असताना रसायनशास्त्राची व्याख्याने ऐकण्यासाठी ते प्रेसिडेन्सी कॉलेजात जात. 1882 मध्ये गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती मिळवून ते एडिंबरोस गेले आणि 1887 साली तेथील डी.एस्‌सी. होऊन 1888 मध्ये परतले.

परतल्यावर मात्र सरकारी नोकरीची खरी ओळख पटली. जवळजवळ वर्षभर रिकामे बसावे लागले. 1889 मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात जागा मिळाली, ती तात्पुरत्या साहाय्यक प्राध्यापकाची, दरमहा अडीचशे रुपयांची. तीच योग्यता असलेल्या इंग्रज गृहस्थांस वरची श्रेणी आणि कितीतरी अधिक वेतन मिळे. प्रफुल्लचंद्रांनी शिक्षण खात्याच्या संचालकांकडे जाऊन गाऱ्हाणे मांडले. आपल्या योग्यतेविषयी इतका विश्वास असेल तर नोकरीवाचून दुसरे मार्ग मोकळे आहेत, अशा आशयाचे उत्तर त्यांस ऐकावे लागले. असा टोमणा ऐकून कोणी राजीनामा दिला असता, कोणी मुकाट्याने मान खाली घातली असती. प्रफुल्लचंद्रांनी नोकरी सोडली नाही आणि दुसरा मार्गही सोडला नाही.

त्यांना सलत असलेली गोष्ट वेगळीच होती. रसायनशास्त्र शिकून बाहेर पडलेले त्यांचे विद्यार्थी अखेर कचेरीतील कारकुनीच्या दाराशी उभे राहत. इकडे या देशातील वनस्पती, खनिजे, हाडे कच्च्या रूपात परदेशी जात आणि औषधे होऊन दामदुपटीने परत येत. मधला कारखाना आपल्याकडे असता तर त्या तरुणांस काम मिळाले असते. हा विचार आज सोपा वाटतो. त्या काळी तो अमलात आणण्यास हाडांचा ढीग घरी आणावा लागला.

ही अक्षरशः हाडेच होती. औषधी सोडियम फॉस्फेट तयार करण्यासाठी प्रफुल्लचंद्रांनी खाटकांकडून जनावरांच्या हाडांची पोती आणविली आणि वाळविण्यासाठी राहत्या घराच्या गच्चीवर पसरली. हिवाळ्यात सहसा न येणारा पाऊस नेमका आला आणि लांबला. हाडांस चिकटलेले मांस कुजून दुर्गंधी सुटली, किडे पडले. कावळ्यांनी तुकडे उचलून शेजाऱ्यांच्या घरांत टाकण्यास आरंभ केला. शेजारी आरोग्य खात्याकडे जाण्याची भाषा बोलू लागले. तेव्हा ती हाडे शहराबाहेर माणिकतल्याकडे नेऊन भट्टीत जाळावी लागली. रात्रीचा तो जाळ पाहून कोणा खून झालेल्या माणसाचे प्रेत तर जाळले जात नाही ना, अशा संशयाने पोलीसही येऊन गेले! हीच हाडांची राख वर्गात चिमूटभर तोंडात टाकून, आता हे केवळ एक खनिज द्रव्य आहे, हे ते विद्यार्थ्यांस पटवीत. कारखाना आणि वर्ग यांच्यामध्ये त्यांनी भिंत अशी कधी बांधलीच नाही.

1892 साली 91, अपर सर्क्युलर रोड या भाड्याच्या घरात, जेमतेम सात-आठशे रुपयांच्या भांडवलावर, बेंगॉल केमिकल अँड फार्मास्युटिकल वर्क्स हे भारदस्त नाव घेऊन उद्योग सुरू झाला. सकाळ वाचनाची, दिवस अध्यापनाचा व प्रयोगशाळेचा, आणि सायंकाळी कॉलेजातून परतल्यावर हिशेबाच्या वह्या, मागण्या, बाटल्या आणि बुचे. औषधे ब्रिटिश फार्माकोपियाच्या प्रमाणास उतरणारी असत. तरी बाजारातील औषध-विक्रेते ती ठेवून घेण्यास नाखूष. गिऱ्हाईक विलायती नाव मागते, हे त्यांचे सरळ उत्तर.

या अडचणीतून वाट काढली ती अमूल्यचरण बसू या डॉक्टर मित्राने. त्यांनी राधागोविंद कर, नीलरतन सरकार यांसारख्या नामवंत डॉक्टरांस ही औषधे लिहून देण्यास राजी केले. त्यांच्याच प्रेरणेने देशी वनस्पतींकडे लक्ष वळले. अडुळशाचे सरबत, कुड्याचा अर्क, ओव्याचे पाणी ही आपल्या आजीबाईंच्या बटव्यातील औषधे प्रमाणबद्ध होऊन, लेबल लावून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आली. परंतु या यशाची किंमत जबर होती. अमूल्यचरणांचे मेहुणे सतीशचंद्र सिंह हे रसायनशास्त्राचे एम.ए.; नोकरीचा विचार सोडून ते कारखान्यात आले होते. प्रयोगशाळेतील अपघातात विषबाधेने त्यांचा अंत झाला. 1898 मध्ये प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करणारे अमूल्यचरणही प्लेगनेच गेले. ज्यांच्यासाठी उद्योग काढला आणि ज्यांच्या आधारावर तो उभा राहिला, ती माणसे गेली. प्रफुल्लचंद्रांवर सारा भार एकट्याने उचलण्याची वेळ आली आणि त्यांनी तो उचलला.

याच धामधुमीच्या वर्षांत, 1896 साली, पाऱ्याच्या एका नव्या संयुगाविषयीचा, म्हणजे मर्क्युरस नायट्राइटचा, त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि युरोपातील रसायनज्ञांचे लक्ष त्यांच्याकडे गेले. 1902 मध्ये प्राचीन हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड निघाला. मधल्या काळात, 1901 साली, कारखान्याची मर्यादित कंपनी झाली आणि 1905 च्या सुमारास माणिकतल्यास मोठी वास्तू उभी राहिली. 1903 मध्ये राजशेखर बसू हे तरुण रसायनज्ञ तेथे रुजू झाले. पुढे परशुराम या टोपणनावाने बंगाली विनोदी कथेचे ते सम्राट ठरले. पण कंपनीचा कारभार त्यांनी अनेक वर्षे सांभाळला. योग्य माणूस मिळताच सूत्रे त्याच्या हाती देण्याची ही हातोटी नसती, तर एका माणसाकडून ही दोन आयुष्ये निभावली नसती.

आणि पैसा? येथे आपल्या नामदार गोखल्यांचा संबंध येतो. 1902 च्या प्रारंभी गांधीजी कलकत्त्यास गोखल्यांकडे महिनाभर राहिले होते. शेजारीच राहणारे प्रफुल्लचंद्र तेथे नेहमी येत. गोखल्यांनी त्यांची ओळख करून दिली ती अशी की, या प्राध्यापकांचे वेतन आठशे रुपये असून त्यांतील चाळीस ते स्वतःसाठी ठेवतात व उरलेले लोककार्यास देतात. फर्ग्युसन कॉलेजात जवळजवळ दोन दशके तुटपुंज्या वेतनावर शिकविलेल्या गोखल्यांस या माणसाची किंमत कळली, यात नवल नाही.

1916 मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजातून निवृत्त होऊन ते विद्यापीठाच्या विज्ञान महाविद्यालयात पालित प्राध्यापक झाले. 1921 साली साठी पूर्ण होताच त्यांनी पुढचे सारे वेतन विद्यापीठाच्याच कार्यास देऊन टाकले आणि 1936 पर्यंत शिकवीत राहिले. मेघनाद साहा, ज्ञानचंद्र घोष, नीलरतन धर हे त्यांचे शिष्य. 1922 च्या उत्तर बंगालच्या महापुरात मदतकार्याचे नेतृत्वही त्यांनीच केले. महाविद्यालयाच्या इमारतीतील एका साध्या खोलीत ते राहत. तेथेच 16 जून 1944 रोजी त्यांनी देह ठेवला. कंपनीला पुढे वाईट दिवस आले. 1977 मध्ये सरकारने तिचे व्यवस्थापन हाती घेतले, 1980 मध्ये राष्ट्रीयीकरण झाले आणि 1981 पासून ती भारत सरकारची कंपनी म्हणून चालू लागली. संस्थापकाचे तेज वारशाने मिळत नाही, एवढेच यातून दिसते.

आता घरगुती कारण. आमची कन्या रसायनशास्त्राची अध्यापिका आहे. शिकविणे न सोडता अन्नपदार्थांच्या तपासणीची लहानशी प्रयोगशाळा काढण्याचा मनसुबा तिने गेल्या वर्षी बोलून दाखविला, तेव्हा आम्ही तो एका वाक्यात मोडून काढला. आम्ही सरकारी नोकर. आचरण-नियमांनुसार पूर्वपरवानगीवाचून धंदा करणे आम्हांस निषिद्ध, आणि तीस वर्षांत तो नियम आमच्या हाडीमाशी खिळला आहे. महाराष्ट्राबाहेर आलेल्या आपल्यापैकी बहुतेक कुटुंबांची कथा हीच. नोकरीने आपल्याला येथे आणले, नोकरीनेच मान दिला. म्हणून मुलांनाही आपण तेवढाच रस्ता दाखवितो.

प्रफुल्लचंद्र संसारी नव्हते, हे आम्ही विसरत नाही. चाळीस रुपयांत भागविणे गृहस्थाश्रमी माणसास जमणारे नव्हे. तथापि वर्गाचे काम चुकवून त्यांनी कारखाना चालविला नाही आणि कारखान्यातून स्वतःचे घर भरले नाही. या दोन गोष्टी संसारी माणसासही पाळता येतात. परवा आम्ही कन्येस पत्र लिहिले. महाविद्यालयाची लेखी परवानगी प्रथम घ्यावी, हिशेबाची वही पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवावी आणि जागेच्या अनामत रकमेची चिंता करू नये, एवढेच त्यात आहे. मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांत आपल्या मुलांपैकी काहींनी इतरांस वेतन देण्याचे काम हाती घ्यावे, ही या निमित्ताने श्रीगजाननचरणी प्रार्थना.